सात ठिपक्यांचे बिऱ्हाड

(द्वितीय वर्ष, कला)

'झुरळ झटकावे तसे झटकून टाकले' असे आपण सहज म्हणतो. ज्या प्राण्याच्या वाट्याला घरात चप्पल आणि भाषेत हा वाक्प्रचार आला, तो मी हौसेने पाळतो, हे कळल्यावर वर्गमित्र दोन पावले मागे सरकतात. म्हणून आधीच खुलासा करतो. माझी झुरळे स्वयंपाकघरातील नव्हेत.

जगात झुरळांच्या सुमारे ४,६०० जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांपैकी माणसाच्या आसपास वावरणाऱ्या तीसेक, आणि खऱ्या उपद्रवी म्हणाव्यात अशा बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्यांचे आयुष्य रानातल्या पाचोळ्यात, झाडांच्या सालीखाली, नाहीतर गुहांत जाते. काही तर इतकी लहान की झुरळ म्हणून ओळखूही येऊ नयेत. अमेरिका खंडात पाने कापणाऱ्या मुंग्यांच्या वारुळात राहणारे 'ॲटाफिला' हे झुरळ अवघे तीन मिलिमीटरचे असते. नवी राणी मुंगी वारूळ सोडून उडाली की तिच्या अंगावर बसून तेही प्रवासाला निघते!

अशी छोटी, सहसा न दिसणारी झुरळे डब्यात वाढवण्याचा छंद युरोप-अमेरिकेत अनेकांना आहे. त्या मंडळींच्या आवडीचे एक झुरळ मात्र आपल्या दक्षिण भारतातले आहे. त्याचे शास्त्रीय नाव 'थेरिया पेटिव्हेरियाना'. १७५८ साली लिनीअसने त्याची नोंद केली तेव्हा त्याला चक्क भुंगेऱ्यांच्या गटात बसवले होते. त्याचा दोष नाही. इंचभर लांबीचा गोलसर काळा देह आणि त्यावर सात पांढरे ठिपके. सोंगटीसारख्या या रूपामुळे त्याला 'डॉमिनो झुरळ' असेही म्हणतात. झोंबणारे आम्ल फवारणारा एक ठिपकेदार भुंगेरा त्याच भागात आढळतो. त्याची ही नक्कल असावी, असे मानतात.

माझी आणि त्याची गाठ कोइमतूरला पडली. आमच्या खानापूर-विटा भागातील कितीतरी घरांप्रमाणे आमच्या मामांचेही सोने-चांदी गाळण्याचे, म्हणजे गलाईचे, दुकान परमुलखात आहे. प्रथम वर्षाला असताना दिवाळीच्या सुट्टीत मी तेथे गेलो. तिकडे त्या दिवसांत पाऊस असतो. गावाबाहेर काटेरी झुडपांखाली, दिवेलागणीच्या वेळी, ही ठिपक्यांची मंडळी जमिनीलगत भिरभिरताना दिसली. आठ पकडली आणि डब्यात ओली माती व पाला घालून विट्याला आणली.

बिऱ्हाड थाटायला फारसा खर्च येत नाही. प्लॅस्टिकचा रुंद डबा घ्यावा, झाकणाला भोके पाडून आतून मच्छरदाणीचे कापड चिकटवावे. तळाशी चार बोटे नारळाचा भुसा व माती घालावी. ती खालून ओलसर आणि वरून कोरडी राहिली पाहिजे. वर वाळका पाला पसरावा; मात्र फवारणी झालेल्या द्राक्षबागेच्या आसपासचा पाला चुकूनही घेऊ नये. गाजराचा काप, केळ्याची साल आणि चिमूटभर माशांचे खाद्य एवढ्यावर त्यांचे भागते. डबा साफ करताना नाकाला रुमाल बांधावा व नंतर हात धुवावेत, कारण त्यांच्या विष्ठेची धूळ काहींना बाधते. आणि परमुलखातला जीव आपल्या रानात कधीही सोडू नये.

मोठ्या झुरळांचे आयुष्य काही महिन्यांचेच असते. महाशिवरात्रीपर्यंत आठही गेली. आई म्हणाली, "आता ती माती उकिरड्यावर टाक बाबा." टाकणारच होतो, पण गलाईवाल्यांचा भाचा मी! सोनाराच्या राखेतून झारेकरी सोन्याचा कण शोधतो, तशी ती माती मी पिठाच्या चाळणीने चाळली. (ती चाळण आईने पुन्हा वापरली नाही.) मातीत अकरा अंडकोश सापडले. चिंचोक्याहून बारीक, तपकिरी, अर्धचंद्राच्या आकाराचे. एकात बुरशी लागली तर सगळेच जाऊ नयेत म्हणून सात जुन्या डब्यात ठेवले आणि चार दुसऱ्या डब्यात घालून माळ्यावर.

मग परीक्षा आली. मे महिन्यात वडिलांनी मला मामांच्या दुकानी पाठवले. पदवीचे काय व्हायचे ते होवो, धंदा हाताशी असावा, हा त्यांचा विचार. जाताना मी धाकट्या बहिणीला मोठ्या डब्यावर पाणी शिंपडायला सांगितले. माळ्यावरच्या डब्याचे सांगायचे राहून गेले.

जूनमध्ये परतलो. पत्र्याखालच्या उन्हाने माळ्यावरची माती भाजून भुकटी झाली होती आणि चारही कोश सुरकुतले होते. या झुरळाचा कोश मातीतल्या ओलाव्यावर पोसला जातो. तो ओलावा तुटला की आतला जीव तगत नाही. हे मला पुस्तकाने नव्हे, माझ्या विसराळूपणाने शिकवले. नापास झाल्याचे दुःख चार मित्रांत सांगता येते. चार अंडकोश सुकवले, हे कोणाला सांगावे?

मोठ्या डब्यात मात्र आषाढात बहिणीला काहीतरी हलताना दिसले. मोहरीएवढी, तपकिरी, लवदार पिल्ले! मामांना फोन केला तर ते हसून म्हणाले, "आम्ही मातीतून सोनं काढतो, तू झुरळं काढ!"

ही पिल्ले मातीतच राहतात, नऊ-दहा वेळा कात टाकतात आणि मग कुठे अंगावर ठिपके मिरवतात. त्याला वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. तोवर मी महाविद्यालयात असेन की कोइमतूरच्या भट्टीपुढे, हे अजून ठरलेले नाही. डबा पाहायला आलेल्यांना नुसती माती दिसते आणि ते निराश होऊन जातात. मी त्यांना काही समजावीत नाही. वरचा पाला हळूच बाजूला करतो, बोटाने ओल तपासतो आणि पाला पुन्हा पांघरून ठेवतो. मी नसलो की हे काम बहीण करते. आता तिला आठवण करून द्यावी लागत नाही.