भाजले तर आधी पाणी

भाकरी फुगते, वाफ सुटते आणि बोट पोळते. उकळता चहा हातावर सांडतो. गुऱ्हाळात कढईतला रस अंगावर उडतो. चूल पेटली की असे कधीतरी व्हायचेच. मग पळापळ होते. कोणी म्हणते तूप लावा, कोणी हळद, कोणी टूथपेस्ट.

आम्ही म्हणतो, यातले काहीही लावू नका. का, ते पाहू.

तवा चुलीवरून उतरवला तरी बराच वेळ तापलेला राहतो. आपल्या कातडीचे तसेच आहे. विस्तव दूर झाला तरी आत शिरलेली धग लगेच जात नाही. ती आत पोळतच राहते. तुपाने ती निघत नाही. माती, शेण लावले तर जखमेत जंतू जातात. शिवाय डॉक्टरला जखम दिसत नाही. लावलेले सगळे पुसून काढावे लागते. तेव्हा होणारी आग काय विचारता!

धग काढते ते साधे, स्वच्छ, गार पाणी. भाजलेल्या जागेवर 20 मिनिटे त्याची धार धरा. दोन तांबे ओतले की बरे वाटते आणि माणूस हात काढून घेतो. तसे करू नका. घड्याळ बघा. पाण्याची टंचाई असेल तर पातेल्यात हात बुडवून ठेवा आणि ते पाणी मग झाडाला घाला. शेतात भाजले, पाणी जवळ नाही, तरी तीन तासांच्या आत हे केले तर उपयोग होतो. बर्फ मात्र नको. त्याने कातडीला आणखी इजा होते.

पाण्याने फोड येतो, असे पुष्कळ जण समजतात. फोड येतो तो धगीने. आला तर फोडू नका. वरची कातडी आतल्या जखमेला झाकून ठेवते.

बांगड्या, अंगठी, जोडवी लगेच काढा. सूज आली की निघत नाहीत. कपडा किंवा गूळ चिकटला असेल तर ओढू नका, त्यावरच पाणी ओता. लहान मूल असेल तर बाकीचे अंग पांघरुणात ठेवा, नाहीतर ते गारठते. नंतर जखमेवर धुतलेले सुती फडके सैल ठेवा. कापूस नको, त्याचे तंतू चिकटतात.

एवढ्यावर लहानसे भाजणे घरी बरे होते. पण जखम हाताच्या पंजाएवढी किंवा मोठी असेल. तोंड, हात, पाय, सांधा किंवा गुप्तांग भाजले असेल. लहान मूल किंवा म्हातारे माणूस असेल. तर पाणी घालून दवाखान्यात न्या. जागा पांढरी किंवा काळी पडली आणि दुखत नाही, म्हणून खूश होऊ नका. भाजणे खोल गेले आहे! विजेचा धक्का असेल तर आधी मेन स्विच बंद करा, मगच माणसाला हात लावा. गाडी नसेल तर 108 ला फोन करा. धनुर्वाताची सुई हवी का, तेही डॉक्टरला विचारा.