बोलण्याची गति आणि मनाची तयारी

वर्गांत प्रश्न विचारला असतां कांहीं मुलें तत्काळ उत्तर देतात, तर कांहीं क्षणभर थांबून बोलूं लागतात. जलद बोलणारा तो हुशार व थांबणारा तो मंद, असा समज पालकांतही आढळतो. तो कितपत खरा आहे, हें आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

बोलण्यापूर्वी मनास तीन कामें करावीं लागतात: अर्थ ठरविणें, शब्द व त्यांचा क्रम योजणें, आणि जीभ, ओठ व श्वास यांस चालना देणें. परिचित वस्तूचें चित्र पाहून तिचें नुसतें नांव उच्चारूं लागण्यासही सुमारें ०.६ सेकंद लागतो.

मराठींत ही पूर्वयोजना स्पष्ट दिसते. 'राम आंबा खातो' असें आपण म्हणतों. परंतु 'रामानें आंबा खाल्ला' म्हणतांना पहिल्याच शब्दास 'नें' जोडावा लागतो. म्हणजे शेवटीं कोणतें क्रियापद यावयाचें, हें आरंभींच ठरलेलें असतें. तसेंच 'मोठा' म्हणावें कीं 'मोठी', हें पुढील नाम निश्चित झाल्याविना ठरत नाहीं.

फ्रीडा गोल्डमन-आइस्लर या विदुषींनीं १९५० नंतरच्या काळांत लंडन येथें केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, बोलण्याची एकंदर गति मुख्यत्वें मधल्या विरामांवर अवलंबून असते. प्रत्यक्ष उच्चाराचा वेग त्या मानानें थोडाच बदलतो. चित्रांतील गोष्ट सांगतांना विराम कमी पडतात, तिचें तात्पर्य सांगतांना अधिक. आणि तोच मजकूर पुनःपुन्हा सांगितल्यास ते घटतात.

आमच्याच प्रांतांतील उदाहरण घेऊं. १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं सांगली येथें 'सीतास्वयंवर' नाटक केलें. त्यांत पद्यें सूत्रधार गात असे व पात्रें त्यांस अनुसरून आयत्या वेळीं भाषणें रचीत. पद्य चालूं असतां पुढील भाषण मनांत जुळविण्यास नटास अवकाश मिळत असावा, असें आम्हांस वाटतें. उलट, सातारा-सांगलीकडील शाळांच्या वक्तृत्वस्पर्धेंत पाठ केलेलें भाषण भरधाव जातें. पण एक शब्द विसरतांच सारें अडतें, कारण तेथें योजना नसून केवळ स्मरण असतें.

तात्पर्य, जलद बोलणाऱ्याजवळ पुष्कळदां मजकूर आधींच तयार असतो; थांबणारा तो त्याच क्षणीं तयार करीत असतो. म्हणून विद्यार्थ्यांनीं शब्दांऐवजीं मुद्दे ध्यानांत ठेवावे व वाक्य संपतांच निःसंकोच थांबावें. पालकांनींही मुलाचें अपुरें वाक्य स्वतः पुरें करूं नये. दोन श्वासांचा धीर धरल्यास, मुलाचें स्वतःचें उत्तर त्यांस ऐकावयास मिळेल.