मुरगूड : वेदगंगेकाठचे गाव आणि वसाहतीची वाट

मुरगूड हे कागल तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव वेदगंगेच्या काठी वसले आहे. राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे बंधू सर पिराजीराव घाटगे यांचे नाव लाभलेला येथील तलाव कागल जहागिरीची आठवण जपतो. शिवराज विद्यालय आणि सदाशिवराव मंडलिक महाविद्यालय यांमुळे आसपासच्या खेड्यांतील मुले शिक्षणासाठी येथे येतात. शिकून झाल्यावर मात्र अनेकांना कामासाठी कागल, गोकुळ शिरगाव किंवा कोल्हापूरची वाट धरावी लागते.

निपाणीहून मुदाळतिट्टा, राधानगरीमार्गे कोकणात उतरणारा रस्ता मुरगुडातून जातो. कागलकडे जाण्यासाठी वेदगंगा ओलांडून निढोरी गाठावे लागते. तेथून कागलचा रस्ता फुटतो आणि तो पुढे दूधगंगा पार करतो. कागलला पुणे-बंगळूर महामार्ग लागतो. महामार्गाच्या पूर्वेस कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत पसरली आहे. सूतगिरण्या, कापड कारखाने आणि यंत्रभागांचे उद्योग तेथे आहेत.

ही वाट सुधारायची तर पहिला विचार नद्यांचा करावा लागतो. मोठ्या पुरात वेदगंगेचे पाणी मुरगूड-निढोरी पट्ट्यात रस्त्यावर येते. अशा ठिकाणी नुसता भराव टाकून रस्ता उंच केला, तर तोच बांधासारखा आडवा येतो. पाणी वरच्या अंगाला तुंबते आणि शेतांत, वस्तीत शिरते. म्हणून रस्त्याची उंची पूररेषेवरून ठरवताना पुराला वाट देणाऱ्या मोऱ्या आणि पुलाचे जादा गाळे आराखड्यातच धरावे लागतात. खर्च वाढतो, पण हा खर्च टाळण्याजोगा नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरांत कोल्हापूरलगतच्या शिरोलीजवळ पाणी आल्याने पुणे-बंगळूर महामार्गही बंद पडला होता.

दुसरा प्रश्न मातीचा. नदीकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट डांबर घातले तर रस्ता खचतो. आधी मातीची ताकद तपासून मुरूम आणि खडीचे थर किती जाड असावेत हे ठरवतात. त्यात उसाचा हंगाम लक्षात घ्यावा लागतो. बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा आणि हमीदवाड्याचा मंडलिक असे दोन सहकारी साखर कारखाने याच परिसरात आहेत. गाळप सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर येतात. वाहनांची मोजणी एरवीच्या दिवसांत केली, तर हा भार हिशेबात येतच नाही. दुपदरी रस्त्याची प्रचलित रुंदी 7 मीटर आहे. येथे साइडपट्ट्याही भक्कम हव्यात, नाहीतर उसाच्या गाडीमागे कामगारांची बस अडकून पडते.

सर्वांत नाजूक बाब जमिनीची. वेदगंगेच्या पाण्यावर पिकणारी ही बागायत आहे आणि धारणक्षेत्रे लहान आहेत. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला कोल्हापूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी 2024 मध्ये केलेला कडवा विरोध अशी जमीन जाण्याच्या चिंतेतूनच आला. त्यामुळे आहे तो रस्ता रुंद करणे आणि नवी आखणी बाजारपेठ टाळण्यापुरती ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरते. जमीन घ्यावीच लागली तर 2013 च्या भूसंपादन कायद्यात मोबदल्याबरोबर पुनर्वसनाचीही तरतूद आहे. नवा रस्ता शेताच्या मधून गेला, तर पलीकडच्या तुकड्यात बैल, ट्रॅक्टर आणि पाइपलाइन कुठून न्यायची, हे मोजणीच्या वेळीच नकाशावर दाखवावे लागते.