श्वासाचा हिशेब – लेखांक ७ : सुटलेलं पोट आणि धुरकटलेली छाती

सिगारेट सोडायचा विषय काढला की समोरून एक उत्तर हमखास येतं : ‘‘सोडली की अंग सुटतं हो!’’ उत्तर खोटं नाही. निकोटिन भूक मारतं आणि शरीराचा ऊर्जेचा खर्चही थोडा वाढवतं. ते बंद झालं की भूक परत येते, तोंडाची चव परत येते आणि हातालाही काहीतरी चाळा हवाच असतो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१२ साली एक आढावा आला होता. औषधांची मदत न घेता सिगारेट सोडणाऱ्यांचं वजन वर्षभरात सरासरी ४.७ किलोने वाढतं, असं त्यात दिसलं. ही झाली सरासरी. शंभरातल्या सोळा जणांचं वजन उलट उतरलं होतं, तर तेरा जणांचं दहा किलोच्या वर चढलं होतं. तंबाखूवाल्यांनी ही भीती फार पूर्वीच हेरली होती. १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ‘लकी स्ट्राइक’ची जाहिरात चालली, ती थेट ‘गोड खाण्याऐवजी लकी घ्या’ असं सांगणारी. मिठाईवाले खवळले. सिगारेटचा खप मात्र वाढला.

म्हणून आजचा प्रश्न असा : धूम्रपान करणाऱ्याच्या फुप्फुसांवर चरबीचा परिणाम होतो का, आणि होत असेल तर धुराच्या मानाने तो किती?

आधी एक गैरसमज काढून टाकू. विडी-सिगारेट ओढणारी माणसं सरासरीने हलकी असतात, हे खरं. पण त्यांच्या अंगावर जी चरबी असते ती पोटाकडे जास्त साठते. वजन सारखं असलेली दोन माणसं घेतली, एक ओढणारा आणि एक न ओढणारा, तर ओढणाऱ्याचा कमरेचा घेर मोठा निघण्याची शक्यता अधिक. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०२४ मध्ये जनुकीय माहितीच्या आधारे हा प्रश्न तपासला. धूम्रपानामुळेच पोटातली, म्हणजे आतड्यांभोवतीची चरबी वाढते, असाच त्यांचा निष्कर्ष आहे. ‘सिगारेटमुळे मी फिट आहे’ असं म्हणणाऱ्याने वजनकाट्यावर उभं राहण्याआधी कमरेला टेप लावावी.

काट्यावर आपल्याकडे तर अजिबातच विसंबू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच दाखला छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ! भारतीय पुरुषाच्या कमरेची धोक्याची रेषा ९० सेंटिमीटरवर आणि बाईची ८० वर धरतात, ती याच कारणासाठी. पाश्चात्त्यांसाठी तीच रेषा बरीच वर आहे.

आता ही पोटातली चरबी फुप्फुसांचं काय करते ते पाहू. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल हा घुमटासारखा स्नायू असतो. श्वास घेताना तो खाली सरकतो आणि फुप्फुसांना जागा करून देतो. पोट चरबीने भरलेलं असेल तर त्याला खाली जायला जागा कमी पडते. आडवं झाल्यावर तर पोटातला सगळा ऐवज वरच्या बाजूला रेटला जातो. सुटलेल्या पोटाचा माणूस बुटाची नाडी बांधायला वाकतो आणि लाल चेहऱ्याने धापा टाकत उठतो, तेव्हा हेच घडलेलं असतं.

साधा श्वास सोडून झाल्यावरही छातीत हवा उरते. त्यातली काही आपण जोर लावून आणखी बाहेर काढू शकतो. चरबीचा पहिला घाला या राखीव हवेवर पडतो. कॅनडातल्या २००६ च्या एका अभ्यासात बीएमआय ३० असलेल्यांची ही राखीव हवा, बीएमआय २० असलेल्यांच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी, ४७ टक्के भरली. कॅनडातच पुढच्या वर्षी झालेल्या दुसऱ्या पाहणीत कमरेचा घेर एक सेंटिमीटरने वाढला की फुंकून बाहेर काढता येणारी एकूण हवा सरासरी १३ मिलिलिटरने कमी दिसली. वजन प्रमाणात असलेल्यांमध्येही घेराचा हा संबंध दिसला, हे विशेष.

धुराचं काम वेगळ्या जातीचं. तो श्वासनळ्यांना सूज आणतो, कफ वाढवतो आणि वायुकोशांच्या भिंतींमधले लवचीक धागे कुरतडून टाकतो. जुन्या पायजम्याचं इलॅस्टिक जसं ताणलं जातं पण परत येत नाही, तसं फुप्फुस होतं : हवा आत जाते, बाहेर यायला मात्र रखडते. पोटाने दाबलेलं फुप्फुस शाबूत असतं, त्याला फक्त जागा मिळत नाही. धुराने खाल्लेल्या भिंती परत उभ्या राहत नाहीत. आजच्या लेखातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच, आणि पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे.

गेल्या आठवड्यात स्पायरोमेट्रीची, म्हणजे फुंकून फुप्फुसं तपासण्याची, ओळख झाली. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि समोरचा तंत्रज्ञ ओरडतोय, ‘‘फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!’’ तपासणीच्या कागदावर दोन आकडे महत्त्वाचे : फुंकलेली एकूण हवा, आणि त्यातली पहिल्या सेकंदात निघालेली. धुराने नळ्या अरुंद झाल्या की पहिल्या सेकंदाची हवा घटते आणि तिचं एकूण हवेशी असलेलं प्रमाण ०.७० च्या खाली जातं. हीच सीओपीडीची, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराची खूण. चरबीमुळे मात्र दोन्ही आकडे साधारण बरोबरीने उतरतात आणि प्रमाण ठीकठाक राहतं.

घोळ होतो तो दोन्ही एकत्र असतात तेव्हा. वीस वर्षं सिगारेट ओढणारा, पोट सुटलेला माणूस फुंकतो. पहिल्या सेकंदाची हवा कमी येते, पण एकूणही कमीच. भागाकार ०.७४ येतो आणि तो खुशीत घरी जातो. अमेरिकेतल्या ‘सीओपीडीजीन’ या मोठ्या अभ्यासात दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या लोकांपैकी सुमारे १२ टक्के या प्रकारात मोडले, आणि लठ्ठपणा त्यांच्यात ठळकपणे जास्त होता. अशा माणसाला ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ असं म्हणणं घाईचं ठरतं. प्रमाणाबरोबर दोन्ही आकडे स्वतंत्रपणे वाचले पाहिजेत. दम लागत असताना कागदावर फक्त ‘रेशो नॉर्मल’ लिहून आलं, तर डॉक्टरांना पुढे विचारायला संकोचू नये.

आता सुरुवातीच्या उत्तराकडे. सिगारेट सोडून वजन वाढलं तर फुप्फुसांचा नफा की तोटा? अमेरिका आणि कॅनडात झालेल्या ‘लंग हेल्थ स्टडी’ने याचं उत्तर आकड्यांत दिलंय. श्वासनलिका थोड्याफार अरुंद झालेले सुमारे ५,९०० धूम्रपानी त्यात होते. ज्यांनी सोडली त्यांच्यात वाढलेल्या दर किलोमागे पहिल्या सेकंदाची हवा पुरुषांमध्ये सुमारे ११ मिलिलिटरने आणि बायकांमध्ये ६ च्या आसपास कमी झाली. म्हणजे पाच किलो चढले तर पुरुषाचे ५५ मिलिलिटर गेले.

दुसरी बाजू अशी. अकरा वर्षं पाठपुरावा केल्यावर दिसलं की, ओढत राहिलेल्या पुरुषांची ही हवा दरवर्षी ६६ मिलिलिटरने घटत होती आणि सोडलेल्यांची ३०. वयाबरोबर थोडी घट सगळ्यांचीच होते. वरचे ३६ हे निव्वळ धुराचे. पाच किलोंचा तोटा दीड वर्षात फिटतो, बायकांच्या बाबतीत वर्षाच्या आतच. त्यानंतर दरवर्षी नफाच. प्रत्यक्षात इतकीही वाट पाहावी लागली नाही : सोडणाऱ्यांची पहिल्या सेकंदाची हवा पहिल्याच वर्षात सरासरी ४७ मिलिलिटरने वाढली होती, आणि तीही वजन वाढत असताना. शिवाय ते पाच किलो पुढे उतरवता येतात आणि दबलेली हवा बरीचशी परत मिळते. धुराने नेलेलं कुठलाही डाएट परत आणत नाही.

चरबीच्या या गोष्टीला दुसरं टोकही आहे. सीओपीडी एकदा जडल्यावर हडकुळे रुग्ण जाड्या रुग्णांपेक्षा लवकर दगावतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. अशा रुग्णांचा धोका मोजायला २००४ पासून वापरात असलेल्या ‘बोड’ निर्देशांकात तर बीएमआय २१ किंवा त्याखाली असेल तर धोक्याचा एक गुण धरतात. यावरून ‘थोडं पोट असलेलं बरं’ असा अर्थ काहीजण काढतात. मला तो पटत नाही. अशा रुग्णाचा श्वास घेण्यातच एवढा खर्च होतो की खाल्लेलं अंगाला लागत नाही. आजार जसा वाढतो तसा माणूस वाळत जातो, त्यामुळे बारीकपणा बऱ्याचदा आजार कुठवर गेलाय ते दाखवत असतो. चरबीपेक्षाही स्नायू झडतात, आधी मांड्यांचे, आणि काटा ते सांगत नाही. मांड्यांत बळ उरलं नाही की जिना चढणं संपतं, जिना सुटला की स्नायू आणखी झडतात.

असा रुग्ण असलेल्या घरात ‘खा, दोन घास जास्त खा’ म्हणून ताट भरून वाढतात. माया खरी असते. पण भरलेलं पोट श्वासपटलाला वर रेटतं आणि अर्ध्या जेवणातच धाप लागते. मग तो माणूस जेवणालाच भ्यायला लागतो. त्याला थोडं-थोडं, पाच-सहा वेळा द्यावं. अंडं, डाळ, दूध, दही, शेंगदाणे, मासे यांतलं घरात जे चालत असेल ते प्रत्येक वेळी असावं. जेवणाआधी थोडी विश्रांती घेऊ द्यावी, आणि घास चावत असताना त्याच्याशी गप्पा मारू नयेत.