घर सजवा, पण उसाच्या पैशाला धक्का न लावता



कारखान्याचं धुराडं थांबलं, बिलं खात्यावर पडली, की गावोगाव घरांची कामं निघतात. गळती, गिलावा, फरशी, वायरिंग, न्हाणीघर, रंग. भिंत, तुळई वा स्लॅबला हात न लावता होणारी ही कामं. भिंत पाडायची किंवा मजला चढवायचा असेल तर आधी इंजिनिअर आणि परवानगी पाहावी. आम्ही येथे बोलतो आहोत ते फक्त दुरुस्ती-सजावटीच्या पैशाबद्दल.

पहिली गोष्ट, पीककर्ज घरात घालू नये. ते बेणं, खत, मशागतीसाठी असतं. तो पैसा फरशीत गेला की खताचा डोस चुकतो, टनेज घटतं आणि बिलातून सोसायटीची कपात झाल्यावर हातात काही उरत नाही. मुदतीत फेडणाऱ्याला मिळणारी व्याजाची सवलतही थकबाकी पडली की जाते.

दुसरी, व्याजाचा नुसता दर विचारू नका, आकारणी कशी ते विचारा. समजा १ लाख रुपये, दर १२ टक्के, मुदत ३ वर्षे, हप्ता दरमहा. व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर धरलं तर ३६,००० रुपये होतात. शिल्लक रकमेवर धरलं तर सुमारे १९,६००. दर तोच, पण फरक १६,४०० रुपयांचा! सही करण्याआधी एकूण परतफेडीचा आकडा लिहून मागावा.

तिसरी गोष्ट हप्त्याची. नोकरदाराला पगार दरमहा. आपला पैसा हंगामात येतो. म्हणून बिलाच्या सुमारास सहामाही वा वार्षिक हप्ता बांधून मिळतो का, ते पाहावं. व्याज थोडं वाढेल, पण दरमहा थकून दंड भरण्यापेक्षा ते बरं.

चौथी, कागदपत्रं. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, म्हणून तारणाला अडचण येते. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ज्या गावांची ड्रोन मोजणी झाली, तिथे मिळकत पत्रिका मिळते. ती काढून वारसांची नावं तपासून ठेवावीत.

आणि सगळं एकाच हंगामात कशाला? यंदा गळती आणि वायरिंग करा, पुढल्या बिलात फरशी, रंग शेवटी. असं टप्प्यानं केलं तर पुष्कळांना कर्ज काढावंच लागणार नाही. घर आपलंच आहे. पण ते चालतं उसावर, एवढं ध्यानी असू द्यावं.