सतरंजीपासून दूर
(उतारवय आणि घर : लेखांक ६)

गुडघे धरले की सगळ्यात आधी काय सुटतं? चालणं नाही, भिंतीचा आधार घेत आजी दिवसभर घरात वावरतच असतात. सुटतं ते भजनी मंडळ. तिथे सतरंजीवर मांडी घालून बसायचं असतं. कोणी खुर्ची पुढे करतंही, पण बाकी साऱ्या खाली आणि देवासमोर आपण एकटीच वर, हे मनाला प्रशस्त वाटत नाही. एक गुरुवार चुकतो, मग दुसरा. महिन्याभरात घरचेही म्हणू लागतात, ‘कशाला दगदग? पडलीबिडलीस तर?’

गेल्या आठवड्यात आपण जुनाट आजारांचा विचार केला. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या आणि त्यांचे जोडीदार अशा मिळून ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. साठीपुढच्या निम्म्याहून अधिक लोकांना एखादा तरी दीर्घकालीन आजार होता. म्हणजे ज्येष्ठांच्या कट्ट्यावर येणारा माणूस आजारी असणार, हे धरूनच चालायला हवं.

आजार असला तरी बाहेर पडून चारचौघांत मिसळल्याने तब्येत राहते म्हटलं, की एक शंका हमखास निघते. जे धडधाकट असतात तेच बाहेर पडतात, मग बाहेर पडल्याने तब्येत राहते असं कसं म्हणायचं? शंका रास्त आहे. जपानच्या आइची प्रांतातल्या ताकेतोयो या गावात २००७ पासून वृद्धांसाठी गप्पा, खेळ, हलका व्यायाम अशी केंद्रं सुरू झाली. तिथल्या संशोधकांनी प्रत्येकाचं घर केंद्रापासून किती लांब आहे हेही हिशेबात घेतलं. केंद्र घराजवळ निघावं की लांब, हे काही आपल्या तब्येतीवर ठरत नाही. जवळचे लोक मात्र जास्त येतात. काही वर्षांनी पाहिलं तर येणाऱ्यांमध्ये परावलंबी होण्याचं प्रमाण न येणाऱ्यांच्या जवळपास निम्मं होतं.

मला यात ते अंतर फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे ते जिन्याच्या पायऱ्यांत मोजावं लागेल. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या दम्याच्या माणसाला समोरची बागही परगावाइतकी लांब. त्याच्याकडे मंडळींनीच वर जावं, आठवड्यातून एकदा पत्त्यांचा डाव त्याच्या घरी मांडावा. भजनाला एकच खुर्ची न ठेवता पाच-सहा खुर्च्यांची रांग लावावी. चौघी बसल्या की पाचवीचा संकोच जातो.

आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही ती लघवीची गोळी. बीपी किंवा हृदयाच्या आजारासाठी ती घेतली की पुढचे काही तास सारखं जावं लागतं. म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी गोळीच टाळणारे पुष्कळ आहेत. हे धोक्याचं आहे. डॉक्टरांना सरळ विचारावं. गोळीची वेळ बऱ्याचदा मागेपुढे करता येते. विरंगुळा केंद्रात कॅरम आणि टीव्ही येण्याआधी कमोड आणि भिंतीला धरायला दांडी असलेलं स्वच्छतागृह यायला हवं. ते नसेल तर मधुमेहाचा किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेला माणूस तिथे तासभरही निवांत बसणार नाही.