पहिले घर पाहावे पावसात

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे म्हणतात. आता आपल्यासारख्यांच्या नशिबी घर बांधणे कुठले! पण मैत्रिणींनो, ठाण्यापासून कल्याणपर्यंत घर नुसते शोधायचे म्हटले तरी या म्हणीचा अर्थ पुरता कळतो. २०२२ साली आम्ही तो अनुभव घेतला. भांडुपला भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही पाचजण राहात होतो. हे, मी, दोन मुले आणि सासूबाई. दर अकरा महिन्यांनी करार संपला की पोटात गोळा यायचा.

घर शोधायला निघण्याआधी एका संध्याकाळी हिशेबाची वही घेऊन बसलो. शिल्लक, मोडलेल्या ठेवी आणि माझ्या दोन पाटल्या धरून तेरा लाख जमत होते. कर्ज तीस लाख. इथे एक आकडा पाठच करून ठेवा. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांचे कर्ज घेतले, तर दर लाखाला महिन्याला साधारण ८६८ रुपये हप्ता बसतो. म्हणजे तीस लाखांना सव्वीस हजार. ह्यांच्या पगारातून तेवढे गेल्यावर फी, किराणा आणि सासूबाईंची औषधे भागतील का, हे आधी पाहिले. अंथरूण पाहूनच पाय पसरायचे होते.

हातात त्रेचाळीस लाख म्हणजे त्रेचाळीस लाखांचे घर नव्हे! आपल्या भागात मुद्रांक शुल्क सात टक्के, शिवाय तीस लाखांवरच्या घराला नोंदणीचे तीस हजार. दलाली, वकील, रंग, सामान हलवणे हे वेगळेच. बांधकाम चालू असलेल्या घराला जीएसटीही लागतो. पंचेचाळीस लाखांच्या आतल्या आणि साठ चौरस मीटर चटईक्षेत्रापर्यंतच्या घराला एक टक्का, एरवी पाच. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घराला तो नाही. हे सगळे मांडल्यावर आमची मर्यादा ठरली, एकोणचाळीस लाख.

तीन गावे, तीन तऱ्हा

ठाणे कोणाला नको आहे? १८५३ साली देशातली पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यालाच आली. नौपाडा, पाचपाखाडी म्हणजे बाजार, शाळा, डॉक्टर, गडकरी रंगायतन सगळे पायाखाली. पण आमच्या पैशांत तिथे जुन्या इमारतीतले वन-रूम-किचन, तेही चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सासूबाईंचे गुडघे एकदा वर चढले असते, ते चढलेच! घोडबंदर रोडला इमारती देखण्या, पण त्या रस्त्यावर लोकलचे स्टेशन नाही. बसने किंवा रिक्षाने ठाणे गाठायचे आणि मग गाडी पकडायची. कित्येक सोसायट्यांच्या दारात पाण्याचे टँकर उभे दिसले. महिन्याचा मेंटेनन्स विचारला, तेव्हा तर मी ह्यांच्याकडे बघितले आणि आम्ही निमूट परत फिरलो.

कल्याणला तेवढ्याच पैशांत ऐसपैस जागा होती. जंक्शन असल्याने कसारा आणि कर्जत दोन्ही बाजूंच्या गाड्या मिळतात. नाशिक-पुण्याकडे माहेर असलेल्या मैत्रिणींनी कल्याणचा विचार जरूर करावा. पण सीएसएमटीपासून कल्याण त्रेपन्न-चोपन्न किलोमीटर. ह्यांचे ऑफिस फोर्टमध्ये. शिवाय नदी-नाले कुठून जातात हे तिथे आधी पाहावे लागते. २६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले होते, त्या आठवणी लोक अजून सांगतात.

मधे उरली डोंबिवली. टिळकनगर, रामनगर भागात तीन-चार मजली जुन्या इमारती, कोपऱ्यावर पोळी-भाजी केंद्र, मराठी शाळा, वाचनालय. डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलही आहेत. पण गर्दीचे भय खोटे नाही. पुढे ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ भरल्या गाड्यांतून माणसे खाली पडली, काहींचे जीव गेले. त्या दिवशी हे घरी येईपर्यंत मी गॅलरीत उभी होते. आणि एमआयडीसीतल्या कारखान्यांत २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत मोठे स्फोट झाले. डोंबिवलीत घर पाहताना रासायनिक कारखाने किती लांब आहेत, हे विचारायला लाजू नका.

स्वस्त घराची गोष्ट

आता जे सांगते ते नीट ऐका. गावठाणाच्या बाजूला एक नवी इमारत आम्हांला दाखवली. दोन खोल्या अधिक, लिफ्ट, आणि भाव आठ लाखांनी कमी! माहितीपत्रकावर रेराचा नंबर ठळक छापलेला. हे म्हणाले, “रेराचा नंबर आहे म्हणजे झालं. आणखी काय बघायचं?” दलाल म्हणाला, “वहिनी, आज दोन लाख टोकन द्या, उद्या भाव वाढणार.”

ती उद्याची घाईच मला खटकली. मी सीसीची, म्हणजे बांधकाम परवानगीची प्रत मागितली. चार दिवस टोलवाटोलवी झाली. मग आम्ही एका राष्ट्रीयीकृत बँकेत कागद दाखवले. त्यांच्या वकिलांनी कर्जाला साफ नकार दिला. दलाल म्हणे, “दुसरीकडून कर्ज मिळवून देतो.” हे तीन दिवस माझ्यावर रुसले होते. मुलांनी तर आपापली खोलीही वाटून घेतली होती!

त्यानंतर काही महिन्यांनी बातम्या येऊ लागल्या. कल्याण-डोंबिवलीत खोट्या परवानग्या दाखवून रेराचे नंबर मिळवलेल्या इमारती निघाल्या, एकदोन नव्हे, पासष्ट! नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. टीव्हीवर बायका रडत होत्या. हप्ते चालू आणि घरावर हातोडा! हे काही न बोलता उठले आणि त्यांनी टीव्ही बंद केला. २०१३ साली शिळफाट्याला अनधिकृत इमारत कोसळून चौऱ्याहत्तर माणसे गेली, तीही कोणाच्या तरी स्वस्त घरात राहात होती.

म्हणून रेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प पाहाच, तो फुकट पाहता येतो, पण तेवढ्यावर थांबू नका. परवानगीचा क्रमांक महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ताडून बघा. प्रकल्प रेराखाली असेल तर नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागू शकत नाही. जुने घर असेल तर सोसायटीचे भागपत्र, भोगवटा प्रमाणपत्र आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, हे विचारा. बजेट फारच बेताचे असेल, तर म्हाडाच्या कोकण मंडळाच्या सोडतीवर लक्ष ठेवा. शिरढोण, खोणी इथली घरे तिच्यात निघालेली आहेत.

माझी गाडी कोणी मोजली?

घराच्या चर्चेत सगळ्यांनी ह्यांची लोकल मोजली. माझी शाळा भांडुपला, रोज तीन तासांची. डोंबिवलीहून जाऊन-येऊन अडीच तास मोडणार, हे कोणाच्या हिशेबातच नव्हते. मीच ते वहीत लिहिले. पगार थोडा असला तरी तो माझा होता. घर घेण्याआधी मी टिळकनगर परिसरातल्या चार शाळांत अर्ज दिले. एकीत सकाळचे तास मिळाले, तेव्हाच ‘हो’ म्हटले.

शेवटी घेतले ते पहिल्या मजल्यावरचे जुने घर. पण मी ते तीनदा पाहिले. एकदा सकाळी आठला, स्टेशनपर्यंत चालत जाऊन. एकदा रात्री नऊला, रस्त्यावर दिवे आहेत का ते बघायला. आणि एकदा जुलैच्या मुसळधार पावसात. भिंतीची ओल, जिन्यातले पाणी, गल्लीतला नाला, सगळे त्या दिवशी खरे बोलते. शेजारच्या काकूंना विचारले, “पाणी किती वाजता येतं हो?” त्यांनी चहा केला आणि दलालाने महिनाभर सांगितले नव्हते ते अर्ध्या तासात सांगितले.

राहिला प्रश्न नावाचा. २०२१ पासून घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. नवऱ्याबरोबर जोडनाव असेल तर नाही. पंधरा वर्षे पुरुषाला विकायचे नाही अशी तेव्हा अट होती, ती २०२३ मध्ये निघाली. हे जरा घुटमळले. “हप्ता माझ्या पगारातून आणि नाव एकटीचं?” तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “हिचंच लाव. माझं नाव जन्मभर रेशनकार्डावर तेवढं होतं.”

एकोणचाळीस हजार वाचले. त्यांत पाटल्या काही परत आल्या नाहीत, पण स्वयंपाकघराचा ओटा नवा झाला. आणि अकरा महिने संपले की पोटात गोळा येत नाही.